तळ्याच्या पानावरची दोन वाक्यं

अमरावतीच्या एका मराठी शाळेत मी मराठी आणि भूगोल शिकवते. शहर संपून शेतं सुरू होतात तिथे एक तळं आहे. दर हिवाळ्यात आठवीच्या मुलांना मी तिथे घेऊन जाते. मुलं डबे खातात, चक्रवाक मोजतात, एखादा चिखलात पाय घालून बूट खराब करतो आणि आम्ही परत येतो. वर्षानुवर्षांचा हा शिरस्ता होता, म्हणून त्या दिवशी स्टाफरूममध्ये जे ऐकलं त्याच्यावर माझा विश्वासच बसेना.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आमी तिकडे प्लॉट पाहून ठेवला. नवीन लेआउट पडला ना, तिथं."

"तिकडे म्हणजे तळ्याजवळ?"

"तळं कुठं होतं हो तिथं! पडीक जमीन होती. पावसाळ्यात पानी साचे, तेवढंच. मी नेटवर वाचलं ना."

मी म्हटलं, "मी दरवर्षी मुलं घेऊन जाते तिथे."

त्या थोड्या ओशाळल्या. पण मग म्हणाल्या, "तुमचं खरं असेल मॅडम. पन लिहिलेलं तर वेगळं हाय."

घरी आल्याबरोबर मी लॅपटॉप उघडला. साऱ्या जगाने मिळून लिहिलेला एक विश्वकोश नेटवर आहे, त्याच्या मराठी विभागात आमच्या तळ्याचं एक छोटंसं पान होतं. आदल्या वर्षी मीच ते वर्गात वाचून दाखवलं होतं. आता त्यातले पक्षी गेले होते, फोटो गेला होता, आणि 'ही मुळात पडीक जमीन असून पावसाळ्यात तिथे तात्पुरते पाणी साचते' एवढंच उरलं होतं.

त्या पानावर वर 'संपादन' असं लिहिलेलं असतं. कोणीही दाबू शकतो. मी दाबलं. त्याच्या वर एक सूचना आली, ती मी वाचली नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर आपण वाचत नाही, तशीच. मी दोन वाक्यं लिहिली: 'हे तळे बारमाही आहे. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षी येतात.' जतन केलं आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. छान वाटत होतं. वहीतली चूक लाल शाईने दुरुस्त केल्यासारखं.

मी न वाचलेल्या सूचनेत काय होतं ते मला चार-पाच दिवसांनी कळलं. खातं न उघडता लिहिलं, तर त्या काळी लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याच्या इंटरनेट जोडणीचा आकडा दिसायचा. सगळ्यांना, कायमचा. आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी त्या पानाचा फोटो टाकला. आकड्याभोवती लाल गोल केलेला होता. खाली लिहिलं होतं: 'हा नंबर अमरावतीचाच आहे. आपल्याच एरियातला. ज्यानं लिहिलं त्यानं समोर यावं.'

मी स्वयंपाकघरात उभी होते. आधी माझी दोन वाक्यं ओळखू आली, मग आकडा दिसला. हातातला फोन मी पालथा ठेवला, जणू त्यातून कुणी माझ्याकडे बघत होतं.

माझे यजमान वकील आहेत, दिवाणी कोर्टात. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. लेआउट कुणाचा आहे, त्या माणसांच्या मागे कोण उभं आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवाला आला. आमच्या भागात ज्याची वायर आहे तो मुलगा तसा ओळखीचा, दिवाळीला मिठाई नेणारा. पण मी तक्रार केली नव्हती आणि तो आला होता. राऊटरपाशी उकिडवा बसला.

"मॅडम, घरी कोनकोन वापरते नेट?"

"आम्ही दोघंच. का रे?"

"काही नाही. मले विचारून राहिले लोकं." त्याने वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. "साऱ्या गल्लीचा बाहेर एकच नंबर जाते. मी त्यायले म्हटलं, घर कोन्तं थे मले नाही सांगता येत. तं थे म्हने, गल्ली तं सांगता येते ना."

"मग? सांगितलीस?"

तो उठला, हात झटकले. "मले बी याच गावात धंदा कराचा हाय, मॅडम."

चहा घेतोस का असं मी विचारलं नाही आणि तोही थांबला नाही.

गल्लीत संशय कुणावर जाणार हे उघड होतं. आमच्या समोर एक काका राहतात, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. तळं बुजवून पाडायच्या त्या लेआउटच्या विरुद्ध ते जिथेतिथे अर्ज देत फिरायचे. त्या दुपारी शाळेतून येऊन मी खिडकीचा पडदा सरकवला आणि त्यांच्या फाटकापाशी एक पांढरी गाडी उभी दिसली. दोघं खाली उतरले होते. एकाचं बोलणं इतकं गोड होतं की मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"काका, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय."

"सांजच्याले फिराले जाता म्हनते तुमी. एकटेच."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"लय लिहिता म्हनते. मोबाइलवर."

"मले मोबाइलवर मराठी टाइप करता नाही येत," काका म्हणाले. "माहे अर्ज कागदावर असते. पाहा लागते तं दाखवतो."

"कायले दाखवता. वय झालं आता. आराम करा." त्याने काकांच्या फाटकाची कडी स्वतःच्या हाताने नीट लावून दिली, मग गाडी गेली.

मी पडद्यामागे उभी होते. मी बाहेर जाऊन 'ते मी लिहिलं' असं ओरडायला हवं होतं की काय, हा विचारसुद्धा गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात सायकलच्या साखळीला तेल देत होते. मी जाऊन सांगून टाकलं. "काका, ते मी लिहिलं होतं."

त्यांनी मान वर करून बघितलं. "तुमी? काहून लिहिलं वो?"

"खोटं होतं म्हणून."

ते हसायला लागले. "दोन वर्सं झाले, मी अर्ज देऊन राहिलो. कोन्या कुत्र्यानं नाही वाचला. तुमी दोन ओळी लिहिल्या अन् गाडी घेऊन आले!" मग हसू थांबलं. आवाज खाली आणत म्हणाले, "आता कोनाजवळ बोलू नका. मले तं थे ओळखतेच. तुमाले काहून ओळख द्याची त्यायले."

त्या संध्याकाळपासून काका फिरायला जायचे बंद झाले. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. माझी दोन वाक्यं त्याच आठवड्यात कुणीतरी पुसून टाकली. 'पडीक जमीन' परत आली.

भीती होतीच. पण गच्चीवर काकांच्या चपला वाजायला लागल्या की भीतीपेक्षा राग वर यायचा. मला ते पान परत दुरुस्त करायचं होतं, फक्त यावेळी माझ्यामुळे कुणाच्या दारात गाडी यायला नको होती.

माझी मोठी बहीण अकोल्याला असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी तिच्याकडे जाऊन येऊन होते. बडनेरा, मूर्तिजापूर करत एसटी अकोल्याला पोचेपर्यंत यावेळी मी दोनदा मागे वळून सीटवरचे चेहरे पाहिले. भाऊजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि संगणकाचा त्यांना नाद आहे. त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते उठले आणि समोरचं दार लोटून आले.

"हे फोनवर कोनाशी बोलल्या तं नाही ना तुमी?"

"नाही."

मग त्यांनी माझ्या लॅपटॉपमध्ये एक वेगळा ब्राउझर टाकून दिला. त्याच्या खुणेवर कांदा आहे. भाऊजी म्हणाले, "समजा तुमची चिठ्ठी तीन अनोळखी मानसायच्या हातून जाते. पहिल्याले माहीत असते कोनं देली, पन कुठं जानार थे माहीत नसते. शेवटच्याले कुठं जानार थे माहीत, पन कोनं देली थे नाही. तिघं तीन देशांत. तुमचा आकडा कोनालेच दिसत नाही."

"मग भीती नाही?"

"त्यायची नाही." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "पन आता सारं जग तुमाले चोर समजन, थे लक्षात ठेवा."

ताई पलंगावर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "अवं, कायले पडतं या भानगडीत? दोन ओळीसाठी?" मी लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला.

भाऊजी म्हणाले ते अक्षरशः खरं झालं. अमरावतीला येऊन मी तो कांद्याचा ब्राउझर उघडला. एकेक पान बैलगाडीसारखं यायचं. हवामान बघायला गेले तर पान कुठल्यातरी परक्या भाषेत उघडलं, आणि तिथे म्हणे बर्फ पडणार होता. रोजच्या पेपरच्या साइटने सरळ सांगितलं, प्रवेश नाकारला आहे. रेल्वेची साइट तर उघडलीच नाही. आणि जिथे उघडायचं तिथे आधी एक परीक्षा: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. नऊ चौकोन. ज्यात मोटरसायकली आहेत ते निवडा. निवडले. पुन्हा करा. ज्यात पायऱ्या आहेत ते निवडा. निवडले. पुन्हा करा. मग रस्त्याच्या कडेचे लाल बुटके खांब, ज्यातून म्हणे परदेशात आग विझवायला पाणी घेतात. तसा खांब मी अमरावतीत जन्मात पाहिला नाही. चुकायची, परत नवे चौकोन यायचे. एकदा तर खिडकीबाहेर ऊन भिंतीवरून उतरून अंगणात गेलं तरी मी माणूस असल्याचं सिद्ध झालं नव्हतं.

सुरुवातीला मला राग यायचा. मग तेही बदललं. 'तुमच्याकडून असामान्य हालचाल आढळली आहे', 'तुमची विनंती संशयास्पद वाटते', अशी वाक्यं रोज वाचून मला भीती वाटायला लागली. हे यंत्र बोलतंय, याला माझं नावही माहीत नाही, हे मला कळत होतं. तरी फाटकाची कडी वाजली की मी लॅपटॉप मिटायची. ज्या भीतीपासून लपायला मी तिथे शिरले होते, तीच मला तिथे छापील अक्षरात भेटत होती.

आणि एक दिवस मी वेंधळेपणा केला. पगार जमा झाला का ते पाहायला त्याच ब्राउझरमधून बँकेची साइट उघडली. साइटने मला आत घेतलं नाही. मी दोनदा पासवर्ड टाकला, मग कंटाळून सोडून दिलं. आमचं खातं जोडीचं आहे आणि बँकेत मोबाइल नंबर यजमानांचा दिलेला आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी ते काळ्या कोटासकट घरात शिरले. कोर्ट सुटायला अजून अवकाश होता.

"अवं, खात्यात कोनी घुसलं! परदेशातून! रोमानिया म्हनून लिहून हाय. बँकेनं खातं बंद केलं!"

मी म्हटलं, "ती मीच होते."

"काय?"

"रोमानियात मीच होते."

ते खुर्चीत बसले. मग मी सगळं सांगितलं, स्टाफरूमपासून. काकांच्या दारातल्या गाडीपर्यंत आले तेव्हा ते उठले आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. अशी खिडकी लावताना त्यांना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

"तुले समजते काय, तू कोनाच्या वाटेले गेली?"

"थोडं समजतं."

"थोडं! मले त्यायच्या वकिलाच्या बाजूले बसा लागते रोज. बाररूममध्ये चहा पितो मी त्यायच्यासंग." ते खोलीत फेऱ्या मारायला लागले. मग म्हणाले, "अन् आता काय? सोडून देनार?"

"काका गच्चीवर फिरतात," मी म्हटलं.

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला खालीवर पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही सध्या भारतातच आहात ना?" मी तिच्यापुढे दीड हातावर उभी होते. यजमान म्हणाले, "हाव, इथंच हाय त्या. पाहून घ्या."

बाहेर आल्यावर, स्कूटर काढता काढता ते म्हणाले, "लिहाचंच असन तं पुराव्यानं लिही. तोंडी साक्ष कोनी मानत नाही." आठवडाभराने त्यांनी वाचनालयातून एका जुन्या वर्तमानपत्राच्या बातमीची प्रत आणून माझ्यासमोर ठेवली. गणपती विसर्जनासाठी त्या तळ्यावर दिवे आणि पोहणारे ठेवणार, अशी ती बातमी होती. पडीक जमिनीत कुणी गणपती बुडवत नाही. बातमी ठेवून ते हातपाय धुवायला गेले.

पुरावा झाला, पण लिहायचं कसं? कांद्याच्या ब्राउझरमधून तो विश्वकोश वाचता यायचा. 'संपादन' दाबलं की लाल चौकट: या पत्त्यावरून लिहिण्यास बंदी आहे, कारण अशा जाळ्यांतून येऊन लोक पानांची नासधूस करतात. ठीक, खातं उघडू. तर खातं उघडण्यासही तिथून बंदी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की खरंच गरज असलेल्या विश्वासू सदस्याला खास सूट मिळू शकते, त्यासाठी प्रचालकांकडे अर्ज करावा. प्रचालक म्हणजे तिथली देखरेख करणारी माणसं, सगळी टोपणनावांनी वावरणारी.

मी भाऊजींना विचारलं, "घरूनच साधं खातं उघडलं तर? मग आकडा दिसत नाही ना?"

"लोकायले नाही दिसत. पन त्यायच्यातल्या काही जनायले पाहाचा अधिकार असते."

"कोण आहेत ते?"

"कोनाले माहीत. असतीन मूठभर."

त्या मूठभरांनी माझी झोप उडवली. ती माणसं बहुधा भली असणार, फुकट वेळ देऊन ज्ञानाचं काम करणारी. पण त्यातला एखादा अमरावतीचा असला तर? लेआउटवाल्यांच्या नात्यातला असला तर? बाररूममध्ये चहा पिणारा असला तर? भाजीबाजारात कुणी अनोळखी माणूस माझ्याकडे बघून हसला की मला वाटायचं, हा त्यांच्यातला.

शेवटी भाऊजींनीच म्हटलं, "खातं इथून काढा. अकोल्यात कोन येते पाहाले." पण हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि ताईने माझ्याकडे न बघता उशीचा अभ्रा सारखा केला. त्यांच्या घराचा आकडा मी वापरत होते. गाडी आली तर तिथे येणार होती. हे तिघांनाही कळत होतं. मी खातं उघडलं.

अर्ज केला. टोपणनावाच्या प्रचालकाचं उत्तर आलं: 'आपले एकही संपादन नाही. विश्वासार्हता सिद्ध झाल्यावर विचार करू.' म्हणजे लपायची परवानगी हवी तर आधी उघड्यावर येऊन दाखवा.

मग मी उघड्यावर काम केलं. गुडघ्याच्या निमित्ताने अकोल्याला जायची आणि ज्यात कुणाचंच काही अडकलेलं नाही अशी पानं सुधारायची. ऱ्हस्व-दीर्घ. अकोटच्या कापसाच्या जिनिंगवर दोन परिच्छेद. वरूडच्या संत्र्यांचे आंबिया आणि मृग बहार. धारणीकडच्या गावांची नावं, जी कुणीतरी चुकीची लिहून ठेवली होती. ताईचा गुडघा केव्हाच बरा झाला होता, ती मंदिरात जायला लागली होती, तरी मी जातच होते. शाळेत मॅडम विचारायच्या, "अजून बरं नाही का वाटत त्यांना?" त्यांचा प्लॉट अजून घ्यायचा राहिला होता, दिराशी बोलणी चालली होती. मी मनात म्हणायची, अजून थोडे दिवस थांबा.

दुसरा अर्जही फेटाळला. 'कारण पुरेसे नाही.' कारण काय सांगणार? तळ्याचं नाव लिहिलं की मी कोण हे उघड होतं. तिसऱ्यांदा मी एवढंच लिहिलं: 'पूर्वी मी एका पानावर खरे लिहिले, आणि गाडी दुसऱ्याच माणसाच्या दारात आली.'

बरेच दिवस काही आलं नाही. मग एका ओळीचं उत्तर आलं: 'सूट दिली आहे, ठरावीक मुदतीसाठी. काळजी घ्या.' तो माणूस कोण होता, बाई होती की पुरुष, मला आजही माहीत नाही. 'काळजी घ्या' वाचून मला धीर यायला हवा होता. मला वाटलं, याला काहीतरी माहीत आहे.

शाळेला सुटी होती त्या दुपारी मी दार लावून, कांद्याच्या ब्राउझरमधून तळ्याच्या पानावर गेले. यावेळी लाल चौकट आली नाही. मी जुनी दोन वाक्यं लिहिली, विसर्जनाच्या बातमीचा संदर्भ खाली जोडला आणि जतन केलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते पुसलं. दुसऱ्याच कुणा अनोळखी सदस्याने 'संदर्भ दिलेला आहे, काढू नये' म्हणत परत टाकलं. पुन्हा पुसलं, पुन्हा टाकलं. मग एका प्रचालकाने पानाला कुलूप लावलं. नव्या खात्यांना तिथे काही बदलता येणार नव्हतं. माझी वाक्यं आत राहिली.

मी यजमानांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "स्टे मिळाला समज." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

दोन दिवसांनी त्या पानाच्या चर्चेच्या जागी एक नवी ओळ दिसली. लिहिणाऱ्याचं खातं नवंकोरं होतं.

'बाई, शुद्धलेखन छान आहे तुमचं. कोणत्या शाळेत शिकवता?'

मराठी शाळेतली मुलं आम्हाला बाईच म्हणतात.

त्या खात्यावरचं सगळं लिखाण कुणालाही वाचता येतं; मी ते परत वाचलं. आकडा तीन देशांतून फिरवून आणला होता, नाव लपवलं होतं, घर लपवलं होतं, आणि 'तथापि', 'येथे', योग्य जागचा अर्धविराम, हे सगळं मी माझ्या हाताने तिथे मांडून ठेवलं होतं. त्याला खरंच कळलं होतं की त्याने अंधारात दगड मारला होता? हे विचारायला मी कुणाकडे जाणार होते? उत्तर दिलं तर दगड लागला हे सिद्ध होणार.

त्यानंतरचे दिवस नीट आठवतात. शाळेच्या गेटवर पालक उभे असतात, त्यातल्या प्रत्येक अनोळखी चेहऱ्याकडे मी बघत राहायची. एकदा मुख्याध्यापिकांनी शिपायाला पाठवून बोलावलं. त्यांना स्नेहसंमेलनाच्या निवेदनाबद्दल बोलायचं होतं. "काय झालं, घाम का आला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ऊन. स्कूटीच्या मागे मोटरसायकल आली की मी कडेला घेऊन तिला पुढे जाऊ द्यायची. एका सकाळी यजमानांनी माझ्या स्कूटीची किल्ली उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, "चाल, मी सोडतो." कोर्टाची वाट उलट दिशेला आहे. तरी ते कितीतरी दिवस सोडत राहिले.

ती ओळ प्रचालकांनी काढून टाकली, 'सदस्याला त्रास देणारा मजकूर' म्हणून. पुढे काही झालं नाही. कुणी आलं नाही, फोन आला नाही. काही होत नाही हे कळायला किती दिवस लागतात याचा मात्र काही नियम नाही.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी एक दिवस स्वतःच विषय काढला. "अहो, आता नेटवर लिहिलं हाय तिथं तळं होतं म्हनून. गणपती विसर्जन व्हायचं म्हने. आता खरं कोन्तं मानाचं?"

"खाली बातमी दिली असेल ना," मी वह्यांतून डोकं वर न काढता म्हटलं. "ती वाचा."

त्यांनी वाचली असावी. पुढच्या महिन्यात त्यांनी बडनेरा रोडला फ्लॅट पाहिल्याचं सांगितलं. मी कोण आणि ती वाक्यं कुणाची, हे त्यांना अजून माहीत नाही.

प्रचालकांनी दिलेल्या सवलतीची मुदत मध्यंतरी संपली. पुन्हा अर्ज करावा लागेल, पुन्हा कारण लिहावं लागेल. मी अजून केलेला नाही. तो ब्राउझर लॅपटॉपमध्ये आहे. कधी उघडला तर आजही मला पायऱ्या आणि मोटरसायकली निवडायला लावतो.

या हिवाळ्यात आठवीला घेऊन मी परत तळ्यावर गेले. एका बाजूने मुरूम टाकून पाणी मागे हटवलं आहे, आणि रस्त्यावर आता कमान आणि तिथे एक वॉचमन आहे. त्याने बस थांबवली. मी खाली उतरले.

"कोन्ती शाळा?" त्याने विचारलं.

साधा प्रश्न होता. त्याला बसची नोंद करायची असेल. मी नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात मागून बसच्या सगळ्या खिडक्यांतून, प्रार्थनेला म्हणतात तशा एका सुरात, मुलांनी शाळेचं नाव ओरडून सांगितलं.

वॉचमन हसला आणि त्याने हात करून बस आत सोडली. पाण्यावर चक्रवाक होते, कमी होते, पण होते. मुलांनी मोजले. मी सारखी कमानीकडे बघत होते. मग मी शिट्टी वाजवून सगळ्यांना बसमध्ये बसवलं. दोन-तीन मुली म्हणाल्या, "बाई, अजून डबे राहिले." मी म्हटलं, बसमध्ये खाऊ. आणि आम्ही डबे बसमध्येच खाल्ले.